बिग सरचा रस्ता चालू ठेवा, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजा

२०२६ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाचा हायवे वन बिग सर या डोंगराळ किनारी भागातून परत सलग सुरू झाला आणि लगेच सगळीकडे तेच प्रश्न फिरायला लागले. सॅन फ्रान्सिस्कोहून सकाळी निघालो तर रात्रीपर्यंत एलए म्हणजे लॉस एंजेलिस गाठता येईल का, बिक्सबी ब्रिजला फोटोसाठी गाडी कुठे लावायची, सील नक्की कुठे दिसतात. तीन वर्षं हा रस्ता मधेच तुटलेला होता. २०२३ च्या जानेवारीत पॉल्स स्लाइडने तो बंद पाडला, ती दरड पूर्ण आवरायच्या आत २०२४ च्या फेब्रुवारीत थोडं उत्तरेला रीजंट्स स्लाइड आली, आणि मार्चच्या शेवटी रॉकी क्रीकजवळ समुद्राकडची लेनच खाली गेली. इतक्या दिवसांनी मोकळा झालाय म्हटल्यावर लोक जाणारच, मलाही जायचंय. अमेरिकेत गाडी चालवायला इतका सुंदर दुसरा रस्ता मी तरी पाहिलेला नाही, एका बाजूला सरळ वर गेलेले सांता लुसियाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली पॅसिफिक, आणि मधे जेमतेम दोन लेन.

पण रस्ता उघडला म्हणजे विषय संपला असं जे सगळे धरून चालतात ते मला पटत नाही. माझं म्हणणं असं आहे की हा रस्ता कितीही वेळा पडला तरी दुरुस्त केलाच पाहिजे, तो एक फूटही रुंद करू नये, आणि जिथे लोक थांबतात त्या मोजक्या जागांवर एका वेळी किती गाड्या असाव्यात हे आधी ठरवून रिझर्व्हेशन आणि शटल सुरू करावी. आणि हे करताना तिकिटाचे पैसे वाढवून गर्दी कमी करायचा मार्ग अजिबात धरू नये. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड आहे, तिच्याकडे नंतर येते.

आधी हा रस्ता सारखा का पडतो ते बघू, कारण बऱ्याच जणांना वाटतं की हे सरकारी कामातल्या ढिलाईमुळे होतं. तसं नाहीये. इथला डोंगर थेट समुद्रातून वर आलाय, त्यातला खडक बऱ्याच ठिकाणी भेगाळलेला, चुरा झालेला आहे, खालून लाटा पायथा खातात आणि वरून हिवाळ्यात पाऊस मुरतो. त्यात वणवा लागून गेला असेल तर माती धरून ठेवायला झाडंझुडपं पण राहत नाहीत. २०२० मध्ये डोलन फायर लागली आणि पुढच्याच जानेवारीत रॅट क्रीकला जळालेल्या डोंगरावरून चिखल, दगड आणि ओंडक्यांचा असा लोंढा आला की रस्त्याचा एक तुकडा समुद्रात गेला. सगळ्यात मोठी दरड मड क्रीकची, २० मे २०१७. चाळीस लाख घनमीटरच्या आसपास माती खाली आली, किनाऱ्याचा आकार बदलला, समुद्रात चक्क नवीन जमीन तयार झाली. रस्ता परत सुरू व्हायला जुलै २०१८ उजाडलं आणि खर्च झाला ५.४ कोटी डॉलर.

आता यावर काही लोक म्हणतात, निसर्गाला नकोय तर सोडून द्या ना हा रस्ता, दर दोन-चार वर्षांनी कोट्यवधी डॉलर कशाला घालवता. ऐकायला हे पर्यावरणाच्या बाजूचं वाटतं. पण २०१७ च्या सुरुवातीला फायफर कॅन्यनचा पूल खचला आणि पाडावा लागला तेव्हा काय झालं ते आठवा. उत्तरेला पूल नाही, दक्षिणेला दरडी, आणि मधे अडकलेली वस्ती. हेलिकॉप्टरने सामान आणावं लागलं. स्टेट पार्कमधून डोंगर उतारावर एक पायवाट काढली आणि शाळेतली मुलं, कामावर जाणारी माणसं, पिशव्या घेतलेले म्हातारे लोक रोज त्या वाटेने चढउतार करायचे. इथे राहणारी माणसं दोन हजाराच्याही आत आहेत, पण आहेत. हॉटेलात चादरी बदलणारे, स्वयंपाकघरात काम करणारे, यांची कामं रस्ता बंद झाला की त्याच आठवड्यात जातात. ज्यांना घरी बसून "निसर्गाला परत द्या" म्हणायचंय त्यांनी आधी या लोकांचं काय करायचं ते सांगावं. आणि आजार, आग, अपघात, यात बाहेर पडायचा हाच एक रस्ता आहे. दक्षिणेकडे डोंगर ओलांडून आत जाणारा नॅसिमिएंटो रोड आहे पण तो अरुंद, वळणावळणाचा आणि स्वतःच अनेकदा बंद असतो. त्यामुळे दुरुस्ती हवीच, त्यात दुमत असायचं कारण नाही.

मग दुसऱ्या टोकाचे लोक येतात, की एवढा खर्च करताच आहात तर एकदाच चार लेन करून टाका. याचं उत्तर कायद्यातच आहे. कॅलिफोर्नियाच्या १९७६ च्या कोस्टल ॲक्टमध्ये स्पष्ट लिहिलंय की ग्रामीण किनारी भागात हायवे वन हा दोन लेनचा निसर्गरम्य रस्ताच राहावा. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे लिहिलं त्यांना मी मनापासून मानते. आणि कायदा नसता तरी रुंद करणार कुठून, डोंगर आणखी कापायचा म्हणजे आणखी दरडी, आणि कापलेली माती टाकायची कुठे?

या मातीच्या प्रश्नावर जरा थांबते कारण तो फार कमी लोकांना माहीत असतो. ज्युलिया फायफर बर्न्स पार्कमधला मॅकवे धबधबा सगळ्यांनी फोटोत पाहिलाय, हिरवंनिळं पाणी, छोटासा वाळूचा किनारा आणि कड्यावरून वाळूवर पडणारी पाण्याची एक बारीक धार. तो वाळूचा किनारा तिथे पूर्वी नव्हता. धबधबा थेट समुद्रात पडायचा. १९८३ मध्ये शेजारी मोठी दरड कोसळली, ती आणि रस्ता परत करताना खाली गेलेली माती लाटांनी वाहून त्या खाडीत आणून टाकली आणि किनारा तयार झाला. दिसायला सुंदर आहे, नाही कशाला म्हणू, पण समुद्राच्या तळाशी जे काही जगत होतं ते त्या मातीखाली गेलं हेही खरं आहे. १९९२ मध्ये इथला समुद्र मॉन्टेरे बे या राष्ट्रीय सागरी अभयारण्यात आला आणि तेव्हापासून दरडीची माती सरळ खाली लोटून मोकळं होता येत नाही, म्हणून पण दुरुस्तीला वेळ लागतो. लोक उशीर झाला म्हणून चिडतात तेव्हा हे कुणी सांगत नाही.

म्हणजे रस्ता हवा, रुंद करता येत नाही, आणि येणारे लोक वाढतच जाणार. मग या तिढ्यातून वाट काढायची कशी, खरा सार्वजनिक प्रश्न हा आहे आणि यावर बोलायचं सगळे टाळतात.

बिक्सबी ब्रिज घ्या. १९३२ मध्ये बांधून झाला, रस्ता पुढे सलग व्हायला १९३७ उजाडलं. रस्त्याचं काम अठरा वर्षं चाललं आणि त्यात सॅन क्वेंटिन तुरुंगातले कैदी पण होते, दिवसाला ३५ सेंट मजुरी आणि शिक्षेत थोडी सूट. एवढा सुंदर काँक्रीटचा कमानीचा पूल, २१८ मीटर लांब, खाली खोल दरी. १९६६ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांनी याच पुलापाशी या रस्त्याला निसर्गरम्य महामार्ग म्हणून अर्पण करण्याचा कार्यक्रम केला. आज सुट्टीच्या दिवशी दुपारी तिथे जाऊन बघा. पुलाच्या उत्तर टोकाला गाड्या लावायला थोडीशी जागा आहे, ती सकाळीच भरते. मग लोक पांढऱ्या पट्टीच्या आत-बाहेर अर्धी गाडी ठेवतात, मागच्या गाडीला जायला समोरच्या लेनमध्ये घुसावं लागतं, वळणावरून समोरून आरव्ही म्हणजे घरासारखी मोठी गाडी येते, आणि त्याच वेळी कुणीतरी बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत असतं. कठड्याच्या पलीकडे, जिथे खाली काही नाही, तिथे मुलं-मुली फोटोसाठी उभी. जुन्या कोस्ट रोडचं तोंड पण तिथेच आहे, त्या रस्त्यावर लोक राहतात, त्यांना स्वतःच्या घरी जायला-यायला गाड्यांच्या गर्दीतून वाट काढावी लागते. जवळ टॉयलेट नाही, त्यामुळे झुडपांमागे काय अवस्था असते ते सांगायला नको. बिग सरची फायर ब्रिगेड व्हॉलंटियर लोकांची आहे, आपापली कामं सोडून धावणारी माणसं. त्यांची गाडी या जॅममध्ये अडकली आणि पुढे कुणाला हार्ट अटॅक आलेला असला तर?

कार्मेलजवळच्या पॉइंट लोबोस पार्कला पण तेच, आतलं पार्किंग भरलं की गाड्या हायवेच्या कडेला लांबच लांब लागतात आणि माणसं पोरांना घेऊन ट्रॅफिकच्या बाजूने चालत येतात.

याला उपाय नाही असं म्हणणाऱ्यांना मी एकच गोष्ट सांगते, त्याच रस्त्यावर दक्षिणेला पिएद्रास ब्लँकासला जाऊन या. हर्स्ट कॅसलच्या थोडं उत्तरेला समुद्रालगत एलिफंट सील असतात. हा प्राणी तेलासाठी इतका मारला गेला की एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावर शंभरही उरले नसावेत. मग संरक्षण मिळालं, संख्या वाढली आणि १९९० मध्ये काही सील पिएद्रास ब्लँकासच्या किनाऱ्यावर आले. १९९२ मध्ये तिथे पहिलं पिल्लू जन्माला आलं. सुरुवातीच्या त्या वर्षांत तिथे काहीही व्यवस्था नव्हती. लोक हायवेवरच गाड्या थांबवायचे, सरळ किनाऱ्यावर उतरून सीलच्या मधून फिरायचे, आणि सील पण वर रस्त्यापर्यंत यायचे. दोन टनांचा नर आणि हायवेवरची गाडी यांची गाठ पडली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आज तिथे काय आहे? रस्त्यापासून वेगळं मोकळं पार्किंग, कठडा, लाकडी बोर्डवॉक, आणि फ्रेंड्स ऑफ द एलिफंट सील या संस्थेचे निळ्या जॅकेटमधले व्हॉलंटियर, जे विचाराल ते न कंटाळता सांगतात. प्रवेशाला एक पैसाही नाही. जानेवारीच्या शेवटाला गेलात तर बोर्डवॉकवरून अगदी खाली, काही फुटांवर पिल्लं दिसतात. काळं, सुरकुतलेलं, अंगापेक्षा कातडी मोठी असावी तसं दिसणारं पिल्लू, आणि आई त्याच्याकडे मान वळवून सारखी आवाज देत असते, तो आवाज ते ओळखायला शिकतं. आई महिनाभर काहीच खात नाही, नुसतं दूध पाजते, आणि जन्माला आलं तेव्हा तीस-पस्तीस किलोचं असलेलं पिल्लू त्या महिन्यात सव्वाशे किलोच्या पुढे जातं. मधेच एखादा नर मान उंच करून सोंड लोंबवत ओरडतो, रिकाम्या पिंपावर सोटा हाणावा तसा आवाज येतो आणि आजूबाजूच्या माद्या पिल्लांना सोडून बाजूला सरकतात. पिल्लू आईपासून तुटलं आणि परत सापडलं नाही तर ते मरतं. सव्वीस-सत्तावीस दिवसांनी आई एक दिवस उठून समुद्रात निघून जाते, आणि ती पिल्लं पुढचे दोन-अडीच महिने किनाऱ्यावर राहून आपलं आपण पोहायला शिकतात. तुम्ही हे सगळं उभं राहून बघू शकता, तासभर, दोन तास. लोक त्यांच्यातून फिरायचे तेव्हा हे असं कुणालाच बघायला मिळत नव्हतं, कारण माणूस जवळ गेला की प्राणी पळतो नाहीतर अंगावर येतो.

म्हणजे कठडा घातल्यामुळे लोकांना कमी मिळालं का? उलट जास्त मिळालं. आणि तिथून जवळच समुद्र रस्ता खायला लागला तेव्हा तो भाग उचलून चक्क आत सरकवला, समुद्राशी भिंत बांधून भांडत बसले नाहीत. जिथे जमीन सपाट आहे तिथे हे जमतं, बिग सरच्या कड्यांवर नाही जमणार हे मान्य, पण विचार करायची पद्धत तर घेता येईल.

गाड्या मोजायची उदाहरणं पण आहेत. गोल्डन गेटच्या उत्तरेला मुइर वुड्सला पूर्वी रस्त्याच्या कडेला मैलभर गाड्या लागायच्या, २०१८ च्या जानेवारीपासून पार्किंग किंवा शटलचं रिझर्व्हेशन केल्याशिवाय गाडीने जाता येत नाही. सुरुवातीला कुरकुर झाली, आता लोक फोनवरून स्लॉट घेतात आणि जातात. हवाईत कवाई बेटाच्या हाएना पार्कचं उदाहरण तर बिग सरला जास्त लागू पडतं. २०१८ च्या एप्रिलमध्ये प्रचंड पाऊस होऊन तिथला रस्ता तुटला, वर्षाहून जास्त बंद राहिला, आणि २०१९ च्या जूनमध्ये पार्क उघडलं तेव्हा पूर्वीसारखं उघडलं नाही, दिवसाला ९०० पर्यटक, आधी रिझर्व्हेशन, शटल, आणि स्थानिक लोकांना मोकळा प्रवेश. आधी त्याच्या दुप्पट-तिप्पट लोक यायचे. रस्ता बंद होता त्या काळात त्यांनी ठरवलं की उघडताना काय बदलायचं. बिग सरमध्ये तीन वर्षं मिळाली होती. अभियंत्यांनी तीन वर्षं जीव धोक्यात घालून कडे सावरले, त्यांच्याबद्दल आदरच आहे, पण बिक्सबीला गाड्या लावायची पद्धत होती तशीच राहिली याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता तो अवघड भाग. रिझर्व्हेशन म्हटलं की लगेच शंका येते की मग हा किनारा श्रीमंतांचाच होईल. ही शंका मी हलक्यात घेत नाही. कॅलिफोर्नियात १९७२ मध्ये लोकांनी मत देऊन किनारा सर्वांचा आहे हे ठरवलं, त्यातून कोस्टल कमिशन आलं आणि पुढे कोस्टल ॲक्ट. सॅलिनासच्या शेतात काम करणारं कुटुंब रविवारी सकाळी उठून ठरवतं की आज समुद्रावर जाऊ, त्यांना तीन आठवडे आधी ऑनलाइन स्लॉट घ्यायला सांगणं हा त्यांच्यावर अन्यायच आहे. बिग सरच्या हॉटेलांचे एका रात्रीचे दर बघितले तर तिथे मुक्काम हा आत्ताच मोजक्यांचा विषय झालाय, आता व्ह्यू पॉइंट पण तसे व्हायला नकोत.

पण यातून मार्ग निघतो. हायवेवर गेट घालायचं नाही, जाणं-येणं सगळ्यांना सगळ्या वेळी मोकळं, त्याला हात लावायचा नाही. फक्त बिक्सबी, मॅकवे, पॉइंट लोबोस अशा चार-पाच जागी थांबण्यावर मर्यादा. त्यातले निम्मे स्लॉट त्याच दिवशी सकाळी उघडायचे, फोन करून पण मिळाले पाहिजेत आणि स्पॅनिशमध्ये पण. कार्मेल आणि मॉन्टेरेहून शटल, ती फुकट किंवा नावापुरत्या भाड्यात, आणि शटलने येणाऱ्याला रिझर्व्हेशनच नको. आज गाडी नसलेल्या माणसाला बिक्सबीपर्यंत पोचणं जवळजवळ अशक्य आहे हे पण लक्षात घ्या, म्हणजे सगळ्यांसाठी मोकळा वाटणारा हा किनारा मुळात गाडीवाल्यांसाठीच मोकळा आहे. शटल आली तर उलट नवीन लोक येऊ शकतील. आणि पैसे? दरड पडली की इमर्जन्सी फंडातून कोट्यवधी डॉलर निघतात, त्यापुढे काही बस, ड्रायव्हर आणि टॉयलेट यांचा खर्च काहीच नाही, तो हॉटेलांवरच्या करातून सहज निघावा असं मला वाटतं, कारण त्या हॉटेलांचं दुकान याच देखाव्यावर चालतं.

काही जण म्हणतील की एवढ्या लांबून आयुष्यात एकदा येणाऱ्या माणसाला स्लॉट मिळाला नाही तर? त्याची हळहळ मला कळते. आईवडील भारतातून येतात, सहा महिन्यांत एकदाच हा प्रवास होतो, आणि नेमकं त्या दिवशी जागा नाही. पण आत्ता त्यांना काय मिळतंय ते पण बघा. एका दिवसात सॅन फ्रान्सिस्को ते एलए, दहा-बारा तास गाडीत, बिक्सबीला जागा नाही म्हणून पुढे, मॅकवेला जागा नाही म्हणून पुढे, मागच्या सीटवर वळणांनी उलट्या होणारी मुलं, आणि सीलपर्यंत पोचेतो अंधार. स्लॉट असेल तर निदान दोन जागी शांतपणे उतरता तरी येईल. माझं तर म्हणणं आहे की बिग सर आणि एलए एका दिवसात जोडायचा हट्टच सोडा, मॉन्टेरेला किंवा केंब्रियाला रात्रीचा मुक्काम करा, सकाळी लवकर निघा, धुकं असेल तर असू दे.

कारण इथे खरं बघण्यासारखं जे आहे ते थांबल्याशिवाय दिसतच नाही. सी ऑटर म्हणजे समुद्री पाणमांजर इथून फर व्यापाऱ्यांनी संपवलं अशीच समजूत होती, आणि रस्ता सुरू झाल्याच्या पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, बिक्सबी क्रीकच्या तोंडाशी त्यांचा पन्नासेकांचा कळप दिसला. आज कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ती तीन हजारांच्या आसपास आहेत आणि त्या उरलेल्या छोट्या कळपातूनच वाढलीत. केल्प या लांब समुद्री शेवाळाच्या पात्यांमध्ये पाठीवर झोपलेलं ऑटर शोधायला दुर्बीण आणि बराच वेळ लागतो. कॅलिफोर्निया कॉन्डॉर या मोठ्या गिधाडाचं तेच, १९८२ मध्ये जगात २२ उरले होते, १९९७ पासून बिग सरमध्ये पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडले जातायत, पंखांवर नंबराचे टॅग असतात. साठच्या स्पीडने जाणाऱ्या गाडीतून तो पक्षी नुसता एक काळा ठिपका वाटतो.

आणि सरकार जे करायचं ते करेल तोवर गाडी चालवणाऱ्यांच्या हातात पण आहे बरंच काही. तुमच्या मागे पाच गाड्या साठल्या की टर्नआउटला, म्हणजे रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत, बाजूला घ्यायचं, हा कॅलिफोर्नियाचा कायदाच आहे, मर्जीचा विषय नाही. मागच्या त्या पिकअपमध्ये कामावर निघालेला माणूस असतो, त्याला उशीर झाला की पगार कापला जातो. फोटोसाठी वळणावर थांबायचं नाही. शेकोटी कुठेही पेटवायची नाही, २०१६ ची सोबेरानेस आग एका बेकायदा शेकोटीतून लागली आणि १ लाख ३२ हजार एकर जळलं, एका बुलडोझर चालवणाऱ्याचा जीव गेला.

बिक्सबीची ट्रायल पुढच्या उन्हाळ्याच्या आधी घेता येईल, त्यासाठी नवीन कायदा लागत नाही की डोंगर कापावा लागत नाही. शनिवार-रविवार पुलाजवळ थांबायला बंदी, कार्मेलहून दर वीस मिनिटांनी शटल, दोन तात्पुरती टॉयलेट, दोन माणसं गाड्यांना हात दाखवायला. काउंटी, स्टेट पार्क्स आणि कॅलट्रान्स म्हणजे राज्याचं रस्ते खातं यांनी एकत्र बसून एवढं ठरवावं, स्थानिक लोकांना त्या बैठकीत आधीपासून बसवावं, आणि एक सीझन झाला की गाड्या किती आल्या, शटलने किती लोक आले आणि त्यातले गाडी नसलेले किती होते, हे आकडे सगळ्यांसमोर मांडावेत.